पट्टीवर दशांश द्यायचा की उरलेल्यावर?

पत्र असं आलंय, थोडं कापून देते (दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला, चर्चमध्ये देणं; पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा दलालाकडनं येणारा हिशोब):

"मावशी, आम्ही देवगडकडचे. मिस्टर कराराने कलमं घेतात, वर्षाचं सगळं आंब्यावरच. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, तिथल्या जुन्या चर्चमध्ये वाढले, वर्षाची वर्गणी आणि रविवारचं अर्पण एवढंच माहीत होतं. लग्नानंतर मिस्टरांच्या संगतीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळीत जाते, तिथे पास्टर दशांशावर खूप बोलतात. यंदा थ्रिप्सच्या किडीने आणि फळगळीने माल फार कमी आला. पास्टर म्हणाले गेल्या वर्षी पूर्ण दशांश दिला नाहीत म्हणून असं झालं. सगळ्या पट्ट्या मिळून 6 लाख 40 हजार झाले, करार, फवारणी, खतं, पेट्या, गाडीभाडं भागवून हातात 1 लाख 30 हजार आहेत. त्यातनं दोन नेपाळी गड्यांचे 44 हजार आणि औषधाच्या दुकानाचे 40 हजार अजून द्यायचेत. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही राहिलंय. मिस्टर म्हणतात आधी 64 हजार दशांश टाकायचा, बाकीचे थांबतील. दशांश देणाऱ्यांची नावं भक्तीत वाचतात, गेल्या वर्षी आमचं नाव आलं नाही ते त्यांना फार लागलंय. मी आंबापोळी आणि कोकमाचं आगळ विकते, त्यातनं माझ्या विधवा बहिणीला महिन्याला 1500 पाठवते, मिस्टरांना माहीत नाही. ते दशांशात धरलं तर चालेल का? आणि खरंच आम्ही देवाला लुबाडतोय का?"

आधी त्या दोन गड्यांचे 44 हजार देऊन टाका गो बाय, मग पुढचं वाच. दशांश किती हा प्रश्न नंतरचा आहे आणि तो त्यांच्या मजुरीवर बसून सोडवायचा नाहीये. मोहोर आल्यापासून ती माणसं तुमच्या बागेत झोपली, रात्री राखण केली, दिवसा माकडं हाकलली, आता सीझन संपला की गावी जाणार, घरी बायकापोरं वाट बघत असणार, आणि "बाकीचे थांबतील" म्हणताना तुझ्या मिस्टरांनी त्यांनाही त्या बाकीच्यांत टाकलं. मला राग आलाय, लपवत नाही.

तुमचे पास्टर मलाखीचा 3 रा अध्याय वाचत असणार, 10 वं वचन, सगळा दशांश भांडारात आणा आणि मी आकाशाची दारं उघडतो की नाही ते बघा. आणि त्याच्या पुढचं 11 वं, की खाऊन टाकणाऱ्याला मी धमकावीन, वेलीचं फळ अकाली गळणार नाही. आता ज्याच्या कलमाखाली सकाळी उठून बघावं तर बोराएवढ्या कैऱ्यांचा सडा पडलेला असतो, त्याला हे वचन ऐकवलं तर तो बिचारा घाबरणारच ना. पण बायबल उघड, पान उलटायचीपण गरज नाही, तोच अध्याय, पाच वचनं वर जा. मलाखी 3:5. तिथे देव म्हणतो मी न्याय करायला येतोय आणि काही लोकांविरुद्ध स्वतः साक्ष देणार आहे, कोण ते लोक, तर जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोट्या शपथा घेणारे, आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी दाबून ठेवणारे, विधवेला आणि अनाथाला छळणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. मजूरही आणि परकाही, तुमचे दोघे गडी दोन्हीकडे बसतात. विधवा तर तुझी बहीणच आहे. म्हणजे तुझ्या पत्रातले जवळजवळ सगळेच त्या एका वचनात आहेत, पण ते भक्तीत वाचलं जात नाही, वाचलं जातं ते 10 वं.

आणि हे काही एकाच ठिकाणी आलंय असं नाही. अनुवाद 24:14-15 मध्ये सरळ नियम आहे, मजूर आपला असो की परदेशी, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोब 5:4 त्याहून कडक, तुमची शेतं कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत गेलंय. तेव्हा देवाला लुबाडतोय का हा तुझा प्रश्न बरोबर आहे, फक्त ते लुबाडणं दशांशाच्या पाकिटात शोधण्याआधी गड्यांच्या हिशोबाच्या वहीत शोधायला हवं होतं.

आता हिशोब. पट्टीवर आलेला आकडा म्हणजे तुमचं उत्पन्न नव्हे, ती उलाढाल. 6 लाख 40 हजारातले किती तुमचे होते? करार ज्याच्या कलमांचा त्याचा, पेट्यांचे पैसे पेटीवाल्याचे, भाडं टेम्पोवाल्याचं. हातातल्या 1 लाख 30 हजारातनंही गडी आणि औषधवाला गेले की उरतात 46 हजार. वर्षभराच्या राबण्याचं तुमचं खरं उत्पन्न हे. आणि दशांश सांगतायत 64 हजार! म्हणजे दहावा हिस्सा राहिला बाजूला, सगळंच्या सगळं देऊन वर 18 हजार कर्ज काढायचं. नोकरीवाल्यांमध्ये हा वाद असतो की ग्रॉस पगारावर द्यायचा की हातात येतो त्यावर, त्यांचं ठीक आहे, तिथे फरक त्यामानाने थोडा असतो आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. पण धंद्यात एकूण विक्रीवर दहा टक्के म्हणजे धंदाच उठवायचा. सरकारसुद्धा धंद्याचा खर्च वजा करून मग नफ्याकडे बघतं, आणि देवाला सरकारपेक्षा हिशोब कमी कळतो असं समजायचं काय कारण.

तुमचा दशांश धरायचाच तर तो 4,600 होतो. पण मी पुढचंही सांगते, कारण 4,600 ऐकून तू सुटलीस असं म्हणशील आणि विषय तिथेच राहील.

दशांश बायबलमध्ये आहे, खूप जुना आहे, अब्रामाने मलकीसदेक नावाच्या याजकाला दिला तो नियमशास्त्राच्याही आधीचा, उत्पत्ति 14. लेवीय 27:30 मध्ये जमिनीचं धान्य आणि झाडाचं फळ दोन्ही आलंय, तेव्हा आंब्याला सूट नाही हे कबूल. गणना 18 मध्ये तो लेव्यांना, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या वंशाला द्यायचा, कारण त्यांना वाट्याला जमीन नव्हती. पण अनुवाद 14 कोणी फारसं वाचत नाही, तिथलं चित्र बघ. दहावा हिस्सा घेऊन सगळ्या घरादाराने देवाच्या ठिकाणी जायचं आणि तिथे तो खायचा, स्वतः खायचा, आनंद करायचा. लांबचा प्रवास असेल आणि माल नेणं जमत नसेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे जाऊन बैल, मेंढरं, द्राक्षारस, मनाला येईल ते घ्यायचं. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा हसूच आलं, कारण आमच्याकडे दशांश म्हटलं की सगळ्यांचे चेहरे एसटीत तिकीट हरवल्यासारखे होतात.

येशूने दशांशाला नको म्हटलं नाही हेही खरं. मत्तय 23:23, परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे लोक, पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दहावा हिस्सा मोजून द्यायचे, त्यांना तो म्हणाला हे करायला हवं होतंच, पण न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्यात. पौलाने मात्र मंडळ्यांना पत्रं लिहिताना कुठे टक्का सांगितलेला नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हा त्याने काय लिहिलं, की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, जबरदस्तीने नको (2 करिंथ 9:7), आणि माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मोजलं जातं, जे नाही त्याप्रमाणे नाही (8:12). हे 8:12 मिस्टरांना दाखवच.

दशांश सक्तीचा झाला तो फार नंतर. युरोपात 585 च्या माकोनच्या धर्मसभेने न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढायची धमकी घातली, 779 मध्ये शार्लमेन राजाने त्याचा कायदाच केला, मग तो शेतकऱ्याच्या मानगुटीवर हजार वर्षं बसला, फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीत गेला, इंग्लंडात त्याचं शेवटचं शेपूट 1936 च्या कायद्याने काढलं. आपल्याकडे मराठ्यांची सरदेशमुखीपण दहाच टक्के होती, पण ती वसूल करायला मागे घोडेस्वार असायचे, आणि देणं तसं व्हायला लागलं की माणूस आतनं शिव्या घालत देतो. आज कॅथलिक मंडळींकडे ठरलेला टक्का नाहीच, 1983 च्या त्यांच्या कायद्यात कलम 222 मध्ये चर्चच्या गरजा, गरिबांची सेवा आणि सेवकांचा निर्वाह यांना हातभार लावायचं बंधन आहे, आकडा नाही. तुझ्या माहेरची वर्गणी काही कमी दर्जाची नव्हती.

याचा अर्थ दहा टक्के देणारे वेडे असा कोणी काढू नये. कितीतरी लोक पगार झाल्याबरोबर दहावा हिस्सा बाजूला काढतात, आनंदाने काढतात, त्याने त्यांना शिस्त लागते, आणि न मोजता देऊ म्हणणारे बहुतेक जण एक टक्कापण देत नाहीत, हे माझं बघून बघून झालेलं मत आहे. काहींना तर दहा टक्के फार थोडे. जॉन वेस्ली, मेथडिस्ट चळवळीचा, तरुणपणी वर्षाला 30 पौंड मिळायचे तेव्हा 28 त भागवून 2 द्यायचा, पुढे मिळकत दुप्पट झाली तरी 28 तच राहिला आणि 32 देऊन टाकले. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, आणि ज्यांना फसवलं होतं त्यांना चौपट परत, हे त्याने एकाच दमात सांगितलं. देणं आणि बाकी चुकती करणं त्याच्या डोक्यात एकच होतं.

पण थ्रिप्स दशांशामुळे आली हे कोणी सांगितलं तर मान हलवू नका. शेजारच्या बागांत बघ ना, ज्यांनी पाईपै दशांश दिला त्यांच्या कलमांवरही आली असेल, आणि ज्यांना बायबल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यातल्या एखाद्याची बाग भरली असेल. ऊन पाऊस देव सगळ्यांना सारखाच देतो, मत्तय 5:45. हबक्कूकच्या शेवटी एक प्रार्थना आहे, 3:17-18, अंजिराला मोहोर आला नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाने फसवलं, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. तो माणूस कोणाला विचारत बसला नाही की माझा दशांश कमी पडला का. पीक गेलेल्या घरात हे वचन वाचावं, फळगळीची धमकी वाचू नये. आणि फळगळीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांना विचारावं.

सासूबाईंचं. मार्क 7 मध्ये येशू काही लोकांवर फार चिडलेला आहे, ते आईबापांना म्हणायचे की तुम्हाला माझ्याकडनं मिळायचं ते मी कुर्बान केलं, म्हणजे देवाला वाहिलं, आणि सुटका करून घ्यायचे. देवाच्या नावाने आईला डावलणं त्याला चालत नाही. 1 तीमथ्य 5:8 तर म्हणतं घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. तेव्हा तिच्या डोळ्याचे पैसे दशांशात जाऊ देऊ नका. तसं सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, कदाचित खर्च जाण्यायेण्याचाच येईल.

पास्टरांना मी लबाड म्हणत नाही, नाव नाही गाव नाही, मी त्यांना ओळखत नाही. त्यांनाही घर आहे, मुलांच्या फिया आहेत, सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं हे पौलानेच लिहिलंय, त्यांना पगार नीट ठरवून द्यावा हे मंडळीचं काम. आपल्या वेंगुर्ल्याचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं त्यात लांब अमेरिकेतल्या चर्चमध्ये बसणाऱ्या साध्या माणसांची अर्पणं होती, ज्यांनी कोकण कधी बघितलंही नाही, म्हणून अर्पणाला मी हलकं मानणारी नाही. पण दोन गोष्टी विचारा. एक, पैसे मंडळीच्या खात्यात जातात की पास्टरांच्या स्वतःच्या नंबरवर? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर हिशोब ठेवणं आणि तपासून घेणं कायद्याने लागतंच, 1950 पासूनचा कायदा आहे, त्यात कोणाला राग यायचं कारण नाही. पौल वर्गणी घेऊन निघाला तेव्हा एकटा नाही निघाला, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली आणि कारणही लिहिलं, की एवढ्या रकमेवरनं कोणी आपल्याला बोल लावू नये (2 करिंथ 8:20). पौलाला चाललं तर सगळ्यांना चालावं. दुसरं, नावं वाचणं. मत्तय 6 च्या सुरुवातीला कर्णे वाजवून दान करणाऱ्यांचं येशूने काय केलंय ते मिस्टरांसकट सगळ्यांना पाठ असेल, तरी भक्तीत यादी वाचली जाते, कमाल आहे.

मिस्टरांना फक्त "तुमचा पास्टर चूक" म्हणून भिडू नकोस. नाव आलं नाही हे त्यांना लागलंय ना, ते समजून घे, वर्षभर उन्हात राबून माल गेला आणि वर चारचौघांत कमी पडल्यासारखं झालं. पट्ट्या आणि वही समोर ठेव, 46 हजारापर्यंतचा हिशोब त्यांच्याच हाताने मांडू दे, मग मलाखीचा अख्खा 3 रा अध्याय दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, मध्येच थांबायचं नाही. पास्टरांकडे जायचं तर त्यांनीच जावं, तू पुढे होऊ नकोस, तू गेलीस तर उद्या सगळं "बायकोने अडवलं" म्हणून फिरेल.

हे होतंच गं. ना. वा. टिळक आपल्याच कोकणातले, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, 1895 ला ख्रिस्ती झाले, देणारा हात इतका सैल की घरात पैसा टिकायचा नाही, आणि चूल कशी पेटवायची ते लक्ष्मीबाई बघायच्या. लोकांना टिळकांचं औदार्य आठवतं, त्या औदार्याचा किराणा कोणी भरला ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. तेव्हा घरातनं किती द्यायचं हे दोघांनी मिळून ठरवा, एकाच्या उत्साहावर नाही.

यंदा जमेल तेवढंच करा. 4,600 द्यावेसे वाटले तर द्या, बिननावाच्या पाकिटात. ऑपरेशनला लागले आणि हजारच उरले तर हजार द्या. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायका 1910 पासून प्रत्येक वेळी भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, मुठी साठवून चर्चला देतात, आणि त्या मुठीवर तिथे मोठमोठी कामं उभी राहिली. तुझ्या आंबापोळीच्या डब्यालाही असं काहीतरी लाव, दर विक्रीमागे थोडं, म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदम 64 हजारांचा डोंगर समोर येत नाही.

राहिली बहीण. विधवेला पोटाला घालणं म्हणजे अनुवाद 14 च्या तिसऱ्या वर्षाचं कामच, माझ्या मते ते धरायचं, पण मुळात धरायचं कशाला, दशांशाच्या खात्यात टाकलं काय आणि बहिणीच्या नात्याने टाकलं काय, तिची भाजी तीच. मला खटकतं ते लपवणं. हनन्या आणि सप्पीराची गोष्ट, प्रेषितांची कृत्ये 5, आठवते ना, जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असं दाखवलं, पेत्र त्यांना काय म्हणाला बघ, जमीन विकायच्या आधी तुझीच होती, विकल्यावरही पैसा तुझ्याच ताब्यात होता. कमी दिलं हा त्यांचा गुन्हा नव्हताच, खोटं सांगितलं हा होता. तुझ्या आगळाचे पैसे आहेत, पाठवायला तुला कोणाची परवानगी नको, पण ज्या दिवशी वही घेऊन बसाल त्या दिवशी तो 1500 चा आकडाही वहीत लिही. बोलतील दोन शब्द, ऐकून घे. आणि पुढच्या महिन्याचे पैसे त्यांनाच सांग पाठवायला, त्यांच्या फोनवरनं.